बायडेनफ्लेटचे दोन बैल : श्लेसविग-होल्श्टाइन, १९२८ ते १९३३

सोलापुरातील आमच्या अभ्यासवर्गात गेल्या हिवाळ्यात सलग तीन संध्याकाळी एकाच प्रकरणावर चर्चा झाली. वर्गाला इतिहासाचे काही विद्यार्थी, पूर्व भागातील एक यंत्रमागधारक, दोन निवृत्त शिक्षक आणि मोहोळ तालुक्यातील एका विविध कार्यकारी सोसायटीचे सचिव येत असत. आर्थिक हलाखी आणि प्रचार यांच्या बळावर टोकाचा पक्ष सत्तेपर्यंत कसा पोहोचतो, हा विषय होता. हा विषय निघाला की व्हर्सायचा तह, पोतेभर नोटा देऊन घेतलेला पाव आणि हिटलरची भाषणे एवढ्यावर दहा मिनिटांत बोळवण होते, आणि लोक उपाशी होते म्हणून फसले असा निष्कर्ष काढून सगळे चहाकडे वळतात. तो निष्कर्ष मला अनेक वर्षे खटकत आला आहे. म्हणून या वेळी बर्लिन बाजूला ठेवून जर्मनीच्या उत्तर टोकाचा श्लेसविग-होल्श्टाइन हा एकच शेतीप्रधान प्रांत घेतला आणि तेथील मते कशी फिरली एवढेच पाहायचे ठरवले.

हाच प्रांत घेण्याचे कारण तीन आकड्यांत आहे. नाझी पक्षाला येथे मे १९२८ मध्ये ४ टक्के, सप्टेंबर १९३० मध्ये २७ टक्के आणि जुलै १९३२ मध्ये ५१ टक्के मते मिळाली. जुलै १९३२ च्या त्या निवडणुकीत साऱ्या जर्मनीत निम्म्याहून अधिक मते या पक्षाला देणारा हा एकमेव मतदारसंघ होता. आणि हे लोक जन्मजात कडवे होते म्हणावे, तर १९१९ मध्ये याच मतदारांनी समाजवाद्यांना आणि उदारमतवाद्यांना भरघोस कौल दिला होता.

दोन बैलांची जप्ती

एल्ब नदीच्या मुखाजवळच्या सखल, ओलसर पट्ट्यात बायडेनफ्लेट नावाचे गाव आहे. नोव्हेंबर १९२८ मध्ये कर थकवला म्हणून तेथील दोन शेतकऱ्यांचे दोन बैल जप्त करायला सरकारी माणसे आली. गावकऱ्यांनी आग लागल्यावर वाजवायचे शिंग फुंकले, माणसे गोळा झाली आणि रस्त्यावर पेंढ्याच्या गंज्या पेटवण्यात आल्या. जाळ आणि गलका पाहून बैल बुजले आणि मागे फिरून आपापल्या गोठ्यात गेले. जप्ती त्या दिवशी झाली नाही. पुढे पोलीस बंदोबस्तात बैल नेण्यात आले, अनेक शेतकऱ्यांवर खटला चालला आणि एरवी कोणाच्या गावीही नसलेले हे नाव वर्तमानपत्रांतून देशभर गेले.

वर्गात हा प्रसंग सांगितला तेव्हा पहिली प्रतिक्रिया सचिवांची आली. ते म्हणाले, “सर, औताचा बैल जप्त करता येत नाही, तो सोडावाच लागतो. हे बैल औताचे नसणार.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते आणि प्रकरणाची मेख तेथेच आहे. त्या पट्ट्यातले शेतकरी वसंतात बाजारातून रोड जनावरे विकत घेत, उन्हाळाभर चराईवर पोसत आणि शरदात मांसासाठी विकत. खरेदी बहुतेक उधारीवर होई. म्हणजे गोठ्यातला बैल त्यांच्या दृष्टीने वर्षाचे भांडवल होता आणि शरदातला भाव पडला की ते भांडवल कर्जासकट बुडे. आपल्याकडे सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात उधारीवर जनावर घेणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

येथे चलनवाढीबद्दलचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते आणि त्या काळात बँकेत पैसे ठेवून बसलेला मध्यमवर्गीय धुऊन निघाला, हे खरे आहे. मात्र कर्जदार शेतकऱ्याचे जुने कर्ज त्याच चलनवाढीने कागदावर उरले नाही इतके पातळ केले होते. त्याचा खरा जाच नवे, स्थिर चलन आल्यावर सुरू झाला. बी-बियाणे, खत आणि जनावरे यांसाठी त्याने नवे कर्ज काढले ते चढ्या व्याजाने, कर वाढले ते स्थिर मार्कांत, आणि १९२७ च्या सुमारास डुकरांचे भाव कोसळले. देशातली शहरे तेव्हा सावरत होती, नाटकगृहे भरलेली होती. म्हणूनच या प्रांतातील संताप जागतिक मंदीच्या आधीचा आहे, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. २८ जानेवारी १९२८ रोजी प्रांतातील गावोगावी मिळून सुमारे १ लाख ४० हजार शेतकरी मोर्च्याला उतरले, तेव्हा न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळायला पावणेदोन वर्षांचा अवधी होता.

मोर्च्याच्या मागण्या साध्या होत्या: कर कमी करा, व्याज कमी करा, स्वस्त आयात थांबवा. चार महिन्यांनी निवडणूक झाली आणि नाझींना ४ टक्के मिळाले. म्हणजे हलाखी होती, संताप रस्त्यावर आला होता, तरीही टोकाच्या पक्षाकडे माणूस वळलेला नव्हता. पश्चिम किनाऱ्यावरील डिथमार्शेनसारख्या भागात हे प्रमाण प्रांताच्या सरासरीहून पुष्कळ जास्त होते हे खरे, पण एकूण प्रांत अजून जागेवर होता. पुढच्या दोन वर्षांत काय घडले, हाच या प्रकरणातला अभ्यासाचा भाग आहे.

ऐकून घेणारे कोणी उरले नाही

पहिली गोष्ट अशी की त्या मागण्यांचे काहीच झाले नाही. या शेतकऱ्यांचे पक्ष म्हणजे गावातील प्रतिष्ठितांची मंडळे होती. निवडणुकीपुरती बैठक, एक भाषण आणि जेवण यापलीकडे त्यांची बांधणी नव्हती. समाजवाद्यांच्या कामगार संघटना होत्या, पण त्यांचे लक्ष शहरातल्या मजुरीकडे आणि पावाच्या भावाकडे होते, आणि पावाचा भाव खाली ठेवायचा तर धान्याचा भाव वर जाऊ द्यायचा नसतो. शेतकऱ्याला हे कळत होते.

त्या पोकळीत ‘लांडफोल्क’ म्हणजे ‘ग्रामीण जन’ अशी मोकळीढाकळी चळवळ उभी राहिली. क्लाउस हाइम आणि विल्हेल्म हामकेन्स हे दोन शेतकरी तिचे पुढारी होते. काळ्या कापडावर पांढरा नांगर आणि तांबडी तलवार असा तिचा झेंडा होता. करबंदी, जप्तीच्या लिलावावर बहिष्कार आणि लिलावात माल घेणाऱ्यावरही बहिष्कार ही तिची हत्यारे होती. ऑगस्ट १९२९ मध्ये नॉयम्युन्स्टर शहरात पोलिसांनी तो झेंडा हिसकावला, तलवारी चालल्या, आणि भोवतालच्या शेतकऱ्यांनी पुढे कित्येक महिने त्या शहराच्या बाजारपेठेत पाऊल टाकले नाही. त्याच वर्षी चळवळीतल्या एका गटाने कर कार्यालयांवर बाँब टाकायला सुरुवात केली. १९३० मध्ये आल्टोनाच्या न्यायालयात खटला चालला आणि हाइमला सात वर्षांची शिक्षा झाली.

सोलापूरच्या वाचकाला हे साल सहज आठवेल. मे-जून १९३० मध्ये आपल्या शहरात मार्शल लॉ होता, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याला फाशी झाली. वर्गातील एका विद्यार्थ्याने करबंदी म्हणजे कायदेभंगच, मग फरक काय, असे विचारले. फरक मला असा दिसतो: आपल्याकडच्या करबंदीमागे काँग्रेससारखी संघटना होती आणि कर का द्यायचा नाही याबरोबर स्वराज्यात काय करायचे याचाही काही आराखडा होता. लांडफोल्कपाशी ‘नाही’ म्हणण्यापलीकडे काहीच नव्हते. पुढारी तुरुंगात गेल्यावर हजारो रागावलेली, एकमेकांना ओळखणारी, एकत्र मोर्चे काढलेली माणसे बिनमालकाची उरली.

सभेच्या दिवशी

नाझी पक्षाने या बाँबप्रकरणात अंग झटकले आणि कायद्याच्या चौकटीत राहण्याची भाषा लावून धरली. ही त्याची चतुराई होती. बाँब टाकणारे तुरुंगात गेले, त्यांचे अनुयायी मात्र याच्या सभांना येऊ लागले.

त्याआधी एक अडचण दूर करण्यात आली होती. १९२० सालच्या पक्षाच्या पंचवीस कलमी कार्यक्रमात १७ वे कलम होते, त्यात सार्वजनिक कामासाठी विनामोबदला जमीन काढून घेण्याची तरतूद होती. जमिनीवर जीव असलेल्या माणसासमोर हे कलम घेऊन जाणे अशक्यच. एप्रिल १९२८ मध्ये हिटलरने जाहीर खुलासा केला की हे कलम केवळ जमिनीचा सट्टा करणाऱ्या ज्यू कंपन्यांना उद्देशून आहे. कलम बदलले नाही, फक्त ते कोणाला लागू आहे ते सांगितले. एका वाक्यात शेतकऱ्याची भीती काढून ती दुसऱ्याच्या माथी मारली, आणि ज्याच्या माथी मारली तो समाज साऱ्या जर्मनीत लोकसंख्येच्या एक टक्काही नव्हता. या प्रांतात तर तो फारच थोडा होता. बहुतेक शेतकऱ्यांनी ज्यू माणूस पाहिला असेल तर गुरांच्या बाजारातला व्यापारी म्हणून. माझ्या मते या प्रकरणातील प्रचाराचे सार या एका खुलाशात आहे. व्याज, कर, भाव आणि आयात या चार स्वतंत्र कारणांनी आलेले संकट होते. त्या चारांना तोंड देण्यासाठी चार वेगळी धोरणे लागली असती. प्रचाराने त्या चारांना एकच चेहरा दिला.

हा प्रचार कसा चाले याबद्दलही एक चुकीचे चित्र आपल्या मनात आहे. गावागावात रेडिओवरून हिटलरचा आवाज घुमत होता असे आपण समजतो. १९३३ पूर्वी रेडिओ सरकारच्या ताब्यात होता आणि नाझींना तो जवळपास मिळतच नव्हता. त्यांचे काम चाले ते गुत्त्याच्या मागच्या सभागृहात, लाकडी बाकांवर. १९२८ पासून फ्रिट्झ राइनहार्ट याने टपालाने वक्ते तयार करण्याची शाळा चालवली. शिकाऊ वक्ता ठरावीक भाषण पाठ करी, श्रोत्यांतून येऊ शकणाऱ्या प्रश्नांची उत्तरे लिहून पाठवी आणि ती तपासून परत येत. १९३३ पर्यंत असे सुमारे ६,००० वक्ते तयार झाले. सभेला प्रवेश फी असे आणि शाखेने आपला खर्च त्यातून भागवायचा असे, त्यामुळे कोणता विषय गर्दी खेचतो हे गल्ल्यावरून आपोआप कळे. जो विषय चालत नसे तो त्या गावात मागे ठेवला जाई. पशुपालकांसमोर आयात मांस, दुकानदारांसमोर मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स, निवृत्तांसमोर बुडालेली पुंजी. यंत्रमागधारक मित्र ऐकता ऐकता म्हणाले, “म्हणजे गिऱ्हाईक बघून चादर उलगडायची.” मला याहून नेमके वर्णन सुचलेले नाही.

मृत्यूचाही उपयोग झाला. मार्च १९२९ मध्ये डिथमार्शेनमधील व्योर्डेन गावात नाझी आणि कम्युनिस्ट यांच्यात मारामारी होऊन दोन नाझी आणि एक कम्युनिस्ट ठार झाला. हिटलर स्वतः त्या खेड्यांतल्या अंत्ययात्रांना आला. देशाच्या राजधानीतला एकही मंत्री ज्यांच्या मोर्च्याला आला नव्हता, त्यांच्या दारी एक पुढारी मयताला आला, याचा परिणाम गावात राहिलेल्या माणसाला विचारावा.

प्रचाराला प्रतिष्ठा दुसऱ्यांनी मिळवून दिली. युद्धभरपाईची नवी व्यवस्था म्हणजे यंग योजना १९२९ मध्ये आली. तिचे हप्ते १९८८ पर्यंत चालणार होते. वृत्तसंस्था, वर्तमानपत्रे आणि चित्रपट कंपनी हाती असलेल्या आल्फ्रेड हुगेनबर्ग या राष्ट्रवादी पुढाऱ्याने तिच्याविरुद्ध सार्वमताची मोहीम काढली आणि नाझींना बरोबरीने व्यासपीठावर घेतले. सार्वमत साफ हरले. पण तोवर गल्लीत दंगा करणारा पक्ष अशी ओळख असलेला हा पक्ष सभ्य घरांत येणाऱ्या वर्तमानपत्रांतून रोज दिसू लागला होता.

सगळ्यात गरीब माणूस कुठे गेला

आता मंदी आली. फेब्रुवारी १९३२ मध्ये जर्मनीतील नोंदलेले बेकार ६१ लाखांवर गेले. बेकारी विम्याच्या वर्गणीवरून मार्च १९३० मध्ये संयुक्त सरकार पडले होते आणि त्यानंतर चॅन्सलर म्हणजे सरकारचा प्रमुख झालेल्या ब्र्युनिंगने वेतन, भत्ते आणि खर्च यांना कात्री लावण्याचेच धोरण चालवले. लोक त्याला ‘भुकेचा चॅन्सलर’ म्हणत. संसदेत बहुमत नसल्याने कारभार राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्षाच्या सहीने निघणाऱ्या आणीबाणीच्या वटहुकमांवर आला. १९३० मध्ये संसदेने ९८ कायदे केले आणि ५ वटहुकूम निघाले. १९३२ मध्ये कायदे ५ आणि वटहुकूम ६६ झाले. लोकशाही असून नसल्यासारखी होण्याची सवय हिटलर येण्याच्या आधी दोन वर्षे लागलेली होती.

या बेकारांनी हिटलरला निवडून दिले असे सरसकट म्हटले जाते. आकडे तसे सांगत नाहीत. शहरातला बेकार कामगार अधिक करून कम्युनिस्टांकडे गेला. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्या पक्षाने १०० जागा मिळवल्या, त्या याच जोरावर. नाझींना भरभरून मते दिली ती ज्याच्याकडे गमावण्यासारखे थोडे काही उरले होते त्याने: मध्यम शेतकरी, छोटा दुकानदार, कारागीर, निवृत्तीवेतनावरचा कारकून. श्लेसविग-होल्श्टाइनमध्येही सर्वाधिक मते मिळाली ती मधल्या रेताड पट्ट्यातील लहान-मध्यम शेतकऱ्यांच्या गावांत. उलट कोलोन-आखेन या कॅथलिकबहुल मतदारसंघात जुलै १९३२ मध्ये नाझींना सुमारे २० टक्केच मते मिळाली, कारण तेथे चर्च, शेतकरी संघ आणि कॅथलिकांचा सेंटर पक्ष अशी माणसाला धरून ठेवणारी जुनी वीण शाबूत होती.

मला स्वतःला हा भाग समजला तो आमच्या घरामुळे. मी शाळेत असताना आमच्या वाड्याच्या दाराला एका कर्जाच्या वसुलीची नोटीस चिकटवली गेली होती. घरात ज्वारीची पोती होती, आम्ही उपाशी नव्हतो. तरी वडील आठ दिवस चावडीवर गेले नाहीत. वस्तीवरच्या मजुराच्या घरी खरी चणचण होती, पण तो रोज चावडीवर येऊन बसे. भुकेपेक्षा पत जाण्याचे भय माणसाला जास्त कडवट करते असे मी म्हणतो, तेव्हा त्या आठ दिवसांची आठवण माझ्या डोळ्यापुढे असते.

हलाखी पुरेशी नसते याचा आपल्याच जिल्ह्यातील दाखला १९७२ चा. त्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. खडी फोडणारे हात, मिलो, सुकडी, पाझर तलावांची कामे, सगळे घरोघर सांगितले जाते. होल्श्टाइनमधल्या शेतकऱ्याने सोसले त्याहून हे निश्चितच अधिक होते. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. संपही झाले, मजुरीसाठी तहसिलीवर मोर्चेही गेले. पण मोर्च्याला उत्तर मिळत होते: काम निघत होते, हजेरीपट लागत होता, दर वाढवून घेता येत होता. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दुष्काळ कोणी आणला याचा एक चेहरा शोधण्याची गरज त्या माणसांना भासली नाही, कारण काम कोणाकडे मागायचे हे त्यांना माहीत होते. ही तुलना ताणू नये हे मला मान्य आहे. मजूर आणि जमीनधारक यांची भीती वेगळी असते, आणि दुष्काळ पावसाने संपतो, कर्ज पावसाने संपत नाही.

चावी कोणी फिरवली

जुलै १९३२ नंतरचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात मतदारांचे काम संपलेले आहे. १७ जुलै १९३२ रोजी तेव्हा याच प्रांतात असलेल्या आल्टोनात नाझींच्या मिरवणुकीवेळी गोळीबार होऊन १८ माणसे मेली आणि ते निमित्त करून ब्र्युनिंगनंतर चॅन्सलर झालेल्या पापेनने तीन दिवसांत प्रशियाचे, म्हणजे हा प्रांत ज्यात मोडे त्या जर्मनीतील सर्वांत मोठ्या राज्याचे, निवडून आलेले सरकार बरखास्त केले. ३१ जुलैला नाझींना देशात ३७ टक्के मते आणि २३० जागा मिळाल्या. ६ नोव्हेंबरच्या निवडणुकीत ते ३३ टक्क्यांवर आणि १९६ जागांवर घसरले. तिजोरी रिकामी झाली होती, कार्यकर्ते कुरकुरत होते. स्वतंत्र बहुमत या पक्षाला मुक्त निवडणुकीत कधीही मिळाले नाही.

घसरणीला लागलेल्या पक्षाच्या हाती सत्ता दिली ती इतरांनी, आणि त्यात शेतकरी संघटनेचा वाटा होता हे फारसे सांगितले जात नाही. वाल्टर डारे याने १९३० पासून पक्षाची शेतीविषयक यंत्रणा उभी केली होती. तिचे काम नवे संघ काढण्याचे नव्हते, तर असलेल्या संघांत आपली माणसे बसवण्याचे होते. १९३१ च्या अखेरीस ‘राइखसलांडबुंड’ या सर्वांत मोठ्या शेतकरी संघाच्या अध्यक्षमंडळात नाझी प्रतिनिधी पोहोचला. ११ जानेवारी १९३३ रोजी याच संघाचे पुढारी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गला भेटले आणि पापेननंतर चॅन्सलर झालेल्या श्लायशरविरुद्ध त्यांनी तक्रारींचा पाढा वाचला. आठवडाभर आधी, ४ जानेवारीला, पापेन आणि हिटलर कोलोनमध्ये एका बँकमालकाच्या घरी गुपचूप भेटले होते. ३० जानेवारीला हिटलर चॅन्सलर झाला. मंत्रिमंडळात तो धरून नाझी तिघेच होते, आणि बाकीच्यांना वाटत होते की तो आपल्या मुठीत राहील. २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत जळाली, दुसऱ्या दिवशी वटहुकमाने नागरिकांचे हक्क काढून घेतले, आणि २३ मार्चला ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संसदेने आपले अधिकार सरकारला देऊन टाकले.

तिसऱ्या संध्याकाळच्या शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले की बायडेनफ्लेटच्या शेतकऱ्यांना शेवटी काय मिळाले. त्यांना एक कायदा मिळाला. २९ सप्टेंबर १९३३ च्या ‘वारसा-शेती’ कायद्याने साधारण साडेसात हेक्टरपासून पुढच्या शेतजमिनी कुटुंबाशी बांधून टाकल्या: जमीन एकाच वारसाकडे जाईल, ती विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही आणि कर्जापायी तिच्यावर जप्तीही येणार नाही. मालक कोण होऊ शकतो हे वंशावरून ठरवले गेले. मालाचे भाव आणि विक्री त्याच महिन्यात निघालेल्या सरकारी शेती संस्थेकडे गेली. जप्ती थांबावी ही १९२८ ची मागणी अक्षरशः पूर्ण झाली होती.

सचिव वहीत काहीतरी मांडत होते. त्यांनी मान वर करून विचारले, “गहाण ठेवता येत नाही, विकता येत नाही, मग पुढच्या वसंतात रोड जनावरं घ्यायला त्याला कर्ज कोण आणि कशावर देणार?”